पुण्यात घडलेला राजपुत्र कुलपाबाहेर काढा

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने आपल्या कारभाराची मोठी फेरमांडणी जाहीर केली आणि त्याच दमात सहा गेम रद्द केले. सहापैकी नाव घेऊन सांगितला तो एकच, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक. हवा तो दर्जा गाठायचा तर आणखी बराच वेळ आणि पैसा ओतावा लागेल, तेवढं आता शक्य नाही, असा कंपनीच्या खुलाशाचा सूर होता. जगभरच्या चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली आणि चर्चा पुढच्या गेमकडे सरकली.

पुणे जिल्ह्याने मात्र हा विषय इतक्या लवकर सोडू नये. हा रीमेक पहिल्यांदा आकाराला आला तो पॅरिसमध्ये नाही, की कॅनडातल्या माँट्रियलमध्ये नाही. तो घडला पुण्यात आणि मुंबईत. त्या पुणे-मुंबईच्या आवृत्तीला विक्रीची तारीख मिळाली होती, तिची आगाऊ नोंदणीही सुरू झाली होती, आणि तरी ती बाजारात आलीच नाही. ती आवृत्ती जशी आहे तशी, अपुरी असेल तर ‘अपुरी’ असा शिक्का मारून, कंपनीने अधिकृतपणे लोकांसमोर ठेवावी. बारामती आणि इंदापूरच्या कॉलेजांमधून दरवर्षी संगणक शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी तर ती फार मोलाची आहे.

मूळ ‘सँड्स ऑफ टाइम’ २००३ चा, युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने केलेला. त्याची गोष्ट सुरू होते ती भारतात. पर्शियाचा राजा आणि त्याचा मुलगा एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावर चालून जातात. लुटीत एक जादूचा खंजीर आणि वाळूचं भलंमोठं घटिकायंत्र हाती लागतं. पुढे वझिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्र ते घटिकायंत्र उघडतो, वाळू बाहेर पडते आणि भोवतालची माणसं राक्षस होऊन अंगावर येतात. सोबतीला उरते ती फराह, त्याच महाराजाची मुलगी.

या गेमची खरी कमाल एका बटणात होती. राजपुत्र भिंतीवरून आडवा धावत जातो, खांबाला लटकतो, तिथून समोरच्या कठड्यावर झेप घेतो. अंदाज वीतभर चुकला की खाली खोल दरी. त्या काळच्या बहुतेक गेममध्ये इथे खेळ संपायचा आणि मागच्या टप्प्यापासून सगळं पुन्हा करावं लागायचं. ‘सँड्स’मध्ये बटण दाबून धरलं की काळ उलटा फिरायचा. पडणारं शरीर हवेतून वर येई, कोसळलेला कठडा परत जागेवर बसे, राक्षसाची तलवार मागे जाई. बटण सोडलं की राजपुत्र झेपेच्या आधीच्या क्षणी पुन्हा उभा. खंजिरात वाळू शिल्लक असेपर्यंतच ही सवलत. वाळू संपलेली असताना तो मेलाच, तर गोष्ट सांगणारा राजपुत्र स्वतःच सावरून घेतो की छे, असं झालंच नव्हतं, पुन्हा सांगतो. खेळणाऱ्याची चूक ही शिक्षा न राहता खेळाचाच भाग झाली. काळ मागे नेणारे आणखी कितीतरी गेम पुढच्या वर्षांत आले, मोटारींच्या शर्यतीतसुद्धा ही सोय आली.

हे सगळं नव्या यंत्रांसाठी नव्याने उभारायचं काम पुण्याकडे आलं, ही लहान गोष्ट नव्हती. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. या स्टुडिओंचं बरंचसं आयुष्य दुसऱ्यांच्या गेमला हात लावण्यात गेलं होतं. परदेशात घडलेला गेम तपासायचा, त्यातले बग शोधायचे, तो दुसऱ्या कन्सोलवर चालेल असा करायचा. आता एका जगप्रसिद्ध गेमची अख्खी मांडणी, म्हणजे राजवाडा, लढाया, कॅमेरा, चेहरे, हालचाली, सगळं इथल्या हातांनी होणार होतं. दीडशेहून अधिक माणसं त्यावर अडीच वर्षं राबत होती. मूळ गेममध्ये राजपुत्राला आवाज देणारे युरी लोवेन्थल यांनाच पुन्हा बोलावलं होतं. १० सप्टेंबर २०२० रोजी गेम जाहीर झाला आणि २१ जानेवारी २०२१ ही विक्रीची तारीख ठरली.

ट्रेलर बाहेर पडला आणि गदारोळ उठला. राजपुत्राचा चेहरा गुळगुळीत, हावभाव जेमतेम, उजेड आणि रंग भडक. २०२० चा गेम दहा वर्षांपूर्वीचा दिसतो, अशी टीका झाली. टीकाकारांचं सगळंच चूक नव्हतं. सतरा वर्षं ज्या राजपुत्राला लोकांनी मनात जपलं, तो समोर आल्यावर ओळखीचा वाटला नाही, तर ते बोलणारच. पण त्या बोलण्यात ‘भारतात दिल्यावर हेच होणार’ असा सूरही मिसळला होता, आणि तो मुळीच खपवून घेण्यासारखा नव्हता. कोणत्या स्टुडिओला किती वेळ, किती पैसा आणि किती मोकळीक मिळाली हे बाहेरच्या कोणाला ठाऊक नसताना दोन मिनिटांच्या चित्रफितीवरून देशाची लायकी ठरवली गेली.

पुढचा प्रवास असा. डिसेंबर २०२० मध्ये तारीख मार्चवर गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बेमुदत पुढे ढकलली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं गेलं. तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की भारतीय स्टुडिओंनी केलेल्या कामावरच पुढचं काम उभं राहील. त्याच वर्षाच्या अखेरीस आगाऊ पैसे भरलेल्यांना ते परत मिळाले. २०२३ मध्ये गेम अजून अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर आहे असं ऐकू आलं, म्हणजे मधल्या काळात बरंच काही पाटी पुसून नव्याने सुरू झालं होतं. जून २०२४ मध्ये एक छोटी झलक दाखवून २०२६ चा वायदा झाला, आणि २०२६ च्या पहिल्याच महिन्यात सगळं संपलं.

या सगळ्यात एक बाब नजरेआड होते. रद्द झालेल्या गेमच्या किमान दोन आवृत्त्या आहेत. माँट्रियलची कुठवर आली होती, ते कंपनीलाच माहीत. पुण्याची मात्र विक्रीपासून चार महिन्यांवर होती. चार महिन्यांनी दुकानात जाणारा गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत खेळता येण्याजोगा झालेला असतो. त्यानंतर राहतात ते बग काढणं, चेहरे-रंग सुधारणं, वेग वाढवणं अशी कामं. त्यामुळे पुण्याची आवृत्ती म्हणजे कागदावरची कल्पना होती असं कोणी समजू नये.

आता बारामती-इंदापूरकडे येऊ. या पट्ट्यात गेम म्हणजे कन्सोल नव्हे, मोबाइल. भिगवणपासून इंदापूरपर्यंत महामार्गाकडेच्या गावांत संध्याकाळी पारावर किंवा बसथांब्यावर चार पोरं एकत्र दिसली, तर स्क्वॉड जमलेला असण्याची शक्यता मोठी. खेळला जातो तो बहुतेकदा फ्री फायर हा लढाईचा गेम, कारण तो कमी रॅमच्या, स्वस्त फोनवर चालतो. या मुलांना न आलेल्या गेमचं दुःख नीट माहीत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने फ्री फायरवर बंदी घातली. पुढच्या वर्षी ‘फ्री फायर इंडिया’ येणार असं गरेना कंपनीने जाहीर केलं. महेंद्रसिंह धोनीचा चेहरा, खेळाडूंची माहिती देशातच ठेवण्यासाठी योट्टा या भारतीय कंपनीशी करार, आणि ५ सप्टेंबर २०२३ ही तारीख. तारखेच्या तोंडावर ‘काही आठवडे’ थांबा असं सांगण्यात आलं. ते आठवडे २०२३ मध्ये संपले नाहीत, २०२४ मध्येही नाहीत. फ्री फायर मॅक्स मिळत राहिला म्हणून खेळ चालू राहिला, पण ज्या आवृत्तीची जाहिरात झाली तिचं काय झालं, हे इंदापूरच्या दहावीतल्या पोराला कोणी समजावून सांगितलं नाही.

मोबाइलवर तासन्‌तास डोळे लावून बसणाऱ्या मुलांमुळे घराघरांत तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पैसे लावून खेळण्याच्या ॲपनी कितीतरी घरं अडचणीत आणली, म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ वेगळे मानले, हेही लक्षात घ्यायला हवं. खेळण्याचं वेड आणि गेम घडवण्याची कला यांत अंतर आहे, आणि गावाकडच्या हुशार मुलाला पहिल्याकडून दुसऱ्याकडे न्यायचं असेल, तर त्याला गेम आतून दिसला पाहिजे.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंतचे अभ्यासक्रम आहेत. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे. इंदापूर तालुक्यातही अभियांत्रिकीचं शिक्षण पोहोचलं आहे. गेम बनवायची साधनं आज फुकट मिळतात. युनिटी, अनरिअल, ब्लेंडर ही नावं दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. यूट्यूब पाहून तो आठवड्याभरात उड्या मारणारं एक पात्र तयार करतो. अडतं त्यापुढे. शंभर-दीडशे माणसांनी मिळून केलेलं काम कसं दिसतं, त्याचे तुकडे एकमेकांत कसे बसतात, ते कुठे फसतं, हे त्याला कुठेच पाहायला मिळत नाही. तयार गेम फक्त जमलेलं दाखवतो.

काळ उलटा फिरवण्याचंच घ्या. पडद्यावर ती जादू वाटते. आत मात्र संगणकाला क्षणाक्षणाला प्रत्येक हलत्या वस्तूची जागा, तिची दिशा, तिची अवस्था नोंदवून ठेवावी लागते आणि बटण दाबल्यावर त्या नोंदी उलट्या क्रमाने वाचाव्या लागतात. किती सेकंदांची नोंद ठेवायची? वस्तू वाढल्या की मेमरी पुरत नाही, मग कशाची नोंद गाळायची? धूळ, पडदे, ठिणग्या यांचं काय? कॅमेराही मागे न्यायचा की जागेवर ठेवायचा? पुण्यातल्या माणसांना नव्या यंत्रावर हे सगळं पुन्हा सोडवावं लागलं असणार. त्यांनी काय सोडवलं आणि काय त्यांच्या हातून निसटलं, हे दोन्ही पाहायला मिळणं म्हणजे एका सत्राचा अभ्यास आहे. आणि तो आपल्याच जिल्ह्यात झालेल्या कामावरचा.

प्रत्यक्ष काम पाहून शिकण्याची ही गोष्ट शेतीत बारामतीला कोणी शिकवायला नको. दर जानेवारीला कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं आणि राज्यभरातून शेतकरी येतात, ते पत्रकं गोळा करायला नव्हे, उभं पीक पाहायला. पानं उलटून बघतात, बुंध्याशी वाकतात, अंतर विचारतात, कुठे करपलंय तेही पाहतात. गेमचा ट्रेलर हे पत्रक झालं. खेळता येणारी आवृत्ती हे उभं पीक.

दुसरा मुद्दा नावांचा आहे, आणि तो अधिक जिव्हारी लागणारा आहे. चित्रपटाच्या शेवटी नावं सरकतात तशी गेमच्या शेवटीही सरकतात. या धंद्यात ती नावं म्हणजे माणसाची पुंजी. पुढच्या मुलाखतीत ‘हा गेम मी केला’ असं सांगता येतं, दाखवता येतं. गेम रद्द झाला की नावांची ती यादी कधी पडद्यावर येतच नाही. वर गोपनीयतेचा करार असतो. काम दाखवायचं नाही, चित्रं बाहेर काढायची नाहीत, तपशील बोलायचे नाहीत. अडीच-तीन वर्षं राजवाड्याच्या भिंती रंगवणारा, राजपुत्राच्या पावलांचे आवाज जुळवणारा, रात्री जागून बग शोधणारा माणूस पुढच्या ठिकाणी जातो, तेव्हा त्याच्या हातात दाखवण्यासारखं काही नसतं. त्याचं सगळ्यात मोठं काम जगाने पाहिलं ते फक्त एका ट्रेलरमधून, आणि तेही हसण्यावारी नेत.

पुण्याकडे उलट उदाहरणही आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून पाहिले. ती मोहीम अपयशी ठरली. गेम तिथेच संपला असता. पण त्यांनी लोकांसमोर खेळता येणारा नमुना ठेवला होता, त्याची चर्चा झाली, स्टुडिओने तग धरला आणि ऑगस्ट २०२० मध्ये, ‘सँड्स’च्या त्या ट्रेलरच्या काही आठवडे आधी, ‘राजी’ प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. अपुरं काम लोकांना दाखवल्याने त्या स्टुडिओची अब्रू गेली नाही, उलट गेम वाचला.

अपुरं राहिलेलं काम अधिकृतपणे बाहेर कसं आणावं, याचा उत्तम धडा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या जन्मदात्यानेच घालून दिला आहे. जॉर्डन मेक्नर यांनी पहिला ‘प्रिन्स’ १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची प्रत्येक हालचाल बेतली. महाराष्ट्रातल्या कितीतरी संगणक वर्गांत पुढे तोच राजपुत्र काळ्या पडद्यावर सुळ्यांवरून उड्या मारत होता. त्या गेमचा मूळ कोड मेक्नर यांना सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात एक खोकं मिळालं, आणि त्यात जुन्या फ्लॉपी. दोन दशकांहून जुनी चुंबकीय तबकडी वाचता वाचता खराब होण्याचा धोका असतो, म्हणून जुन्या यंत्रांच्या जाणकारांना बोलावून एकेक फ्लॉपी काळजीपूर्वक उतरवून घेतली गेली. कोड निघाला. मेक्नर यांनी तो लगेच सगळ्यांसाठी खुला केला.

याहून महत्त्वाचं पुढचं. ‘प्रिन्स’च्याही आधी, विद्यार्थी असताना, मेक्नर यांनी ‘डेथबाउन्स’ नावाचा गेम केला होता. ब्रॉडरबंड कंपनीने तो नाकारला. नंतर त्यांनी ‘कराटेका’ केला, तो १९८४ मध्ये आला आणि गाजला. २०२३ मध्ये डिजिटल एक्लिप्स या स्टुडिओने ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ प्रसिद्ध केला. ते एक खेळता येणारं चरित्रच आहे. कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, वहीतली टिपणं, वडिलांशी गप्पा, आणि मधे मधे गेमच्या अर्धवट आवृत्त्या, प्रत्यक्ष खेळता येतील अशा. त्यात नाकारलेला ‘डेथबाउन्स’ही आहे. चाळीस वर्षांनी तो गेम त्याच्या खऱ्या रूपात, त्याच्या उणिवांसकट लोकांना मिळाला, आणि त्यामुळे कोणी मेक्नर यांना कमी लेखलं नाही. पुण्याच्या ‘सँड्स’साठी हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवावा. मूळ २००३ चा गेम, पुण्याच्या आवृत्तीतले टप्पे, स्टुडिओतल्या माणसांच्या मुलाखती, रेखाटनं, आणि शेवटी सगळ्यांची नावं.

मोठ्या कंपन्यांनीही हे केलं आहे. निन्टेंडोने ‘स्टार फॉक्स २’ १९९५ च्या सुमारास जवळपास पूर्ण झालेला असताना बाजूला ठेवला, कारण नव्या यंत्रांपुढे तो जुना दिसेल अशी धास्ती होती. २०१७ मध्ये त्याच कंपनीने तो आपल्या जुन्या कन्सोलच्या छोट्या नव्या आवृत्तीसोबत अधिकृतपणे विकला, आणि लोकांनी आनंदाने घेतला. जपानचा ‘क्लॉकवर्क ॲक्वेरिओ’ नव्वदच्या दशकात अर्ध्यावर बंद पडला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, इतक्या दीर्घ प्रतीक्षेसाठी त्याची गिनीज बुकात नोंद झाली. व्हॉल्व्हने ‘हाफ-लाइफ २’ला वीस वर्षं झाली तेव्हा कधीच न आलेल्या तिसऱ्या भागाची दृश्यं स्वतः माहितीपटात दाखवली.

कंपनीकडे आक्षेप असतील. ब्रँडची बदनामी हा त्यातला पहिला, पण ‘सँड्स’ची जेवढी व्हायची तेवढी टिंगल २०२० मध्येच होऊन गेली आहे. संगीत, आवाज आणि इतर परवान्यांची गुंतागुंत हा खरा अडथळा आहे. त्यावर उपाय असा की विक्री जमत नसेल तर निदान अभ्यासासाठी, ठरावीक ठिकाणी खेळता येईल अशी प्रत द्यावी. गेम चालवणारं कंपनीचं खाजगी तंत्र उघडं करा, असं कोणी म्हणत नाही. चालती प्रत पुरे आहे. सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच असू शकतो, आणि तो कंपनीचा नसून तिथे काम केलेल्या माणसांचा असेल, की आमचं अपुरं काम पुन्हा चव्हाट्यावर आणून टिंगल करू नका. त्यांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. नाव द्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण विचारायला तर हवं. आजवरच्या सगळ्या निर्णयांत, जाहीर करण्यापासून रद्द करण्यापर्यंत, त्यांचा आवाज कुठे ऐकू आला नाही.

आणि कंपनीने दार उघडलं नाही तर खिडकीतून माल बाहेर येतोच. ब्लिझार्डने १९९८ मध्ये रद्द केलेला ‘वॉरक्राफ्ट ॲडव्हेंचर्स’ २०१६ मध्ये इंटरनेटवर फुटला. ‘गोल्डनआय ००७’ची नवी केलेली, कधीच न विकलेली आवृत्ती २०२१ मध्ये अशीच बाहेर आली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्याच एका न झालेल्या गेमची, ‘रिडेम्प्शन’ची, चित्रफीत यूट्यूबवर आठ वर्षं पडून होती. २०२० मध्ये कोणाच्या तरी नजरेला पडली तेव्हा असाही एक गेम होता हे लोकांना कळलं. फुटलेल्या मालाला ना संदर्भ असतो, ना श्रेय. शिवाय कंपन्यांच्या संगणकांवर डल्ला मारणारे गेमसोबत कर्मचाऱ्यांची खाजगी कागदपत्रंही उचलतात, हे २०२३ मध्ये इन्सोम्निॲक स्टुडिओच्या बाबतीत घडलं. रद्द गेम चोरून नव्हे, रीतसर मिळाले पाहिजेत.

जपणुकीच्या बाबतीत पुण्याची जबाबदारी मोठी आहे, कारण या शहराने हे काम आधी केलेलं आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात सुरू झालं. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत जाऊन रिळं जमवली. त्यामुळे ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो. ज्या चित्रपटांपर्यंत कोणी वेळेत पोहोचलं नाही ते गेले. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज कुठे मिळत नाही, ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. बारामतीचं उदाहरण तर त्याहून जुनं. इथले कवी मोरोपंत १७९४ मध्ये गेले तेव्हा देवनागरीत मराठी पुस्तकं छापली जात नव्हती. त्यांचं काव्य पुढच्या शतकात छापलं गेलं, कारण कोणीतरी पोथ्या उतरवून घेतल्या होत्या आणि जपल्या होत्या. गेमची पोथी तर आणखी नाजूक. सर्व्हर बदलला, जुना संगणक भंगारात गेला, पासवर्ड ठाऊक असलेला माणूस नोकरी सोडून गेला, की दीडशे माणसांचं काम कोणी मुद्दाम न पुसताही नाहीसं होतं.

कायद्यात याची सोय नाही. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांत द्यावी लागते, मुंबईचं ग्रंथालयही त्यात आहे. गेमला असं काही लागू नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने व्हिडिओ गेमही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याच्या यादीत आणले. युबिसॉफ्टचा फ्रान्समध्ये प्रसिद्ध होणारा गेम तिथे जपला जातो, म्हणजे या कंपनीला ही पद्धत अजिबात अपरिचित नाही. प्रसिद्धच न झालेला पुण्याचा ‘सँड्स’ मात्र ना तिथे जाईल, ना इथे.

राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. मुंबईत त्याच वर्षी केंद्राची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी’ सुरू झाली. जमीन, सवलती, गुंतवणूक, रोजगार यांवर भरपूर बोललं जात आहे आणि ते बोललं जावं. त्यात एका कलमाची भर घालावी. सवलत घेणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने महाराष्ट्रात घडलेल्या गेमची एक चालती प्रत, तो प्रसिद्ध होवो वा रद्द, काम करणाऱ्यांच्या नावांच्या यादीसह सरकारी संग्रहात जमा करावी. रद्द गेम पाच वर्षं बंद ठेवायचा असेल तर ठेवावा, मग अभ्यासकांना खुला करावा. संग्रहाची जागा पुण्यात असावी आणि बारामती, इंदापूरच्या कॉलेजांना तिथली प्रत आपल्या प्रयोगशाळेतून वापरता यावी. शंभर-दीडशे किलोमीटरवरून येणाऱ्या मुलाला दर वेळी शहरात राहण्याचा खर्च परवडत नाही.

पहिला अर्ज ‘सँड्स ऑफ टाइम’साठी करावा. तो विद्यार्थ्यांनीच लिहावा, संगणक विभागांच्या प्राध्यापकांनी त्यावर सह्या कराव्यात, आणि सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने तो कंपनीकडे पाठवावा. मागणी तीनच गोष्टींची असावी : खेळता येणारी पुण्याची आवृत्ती, तिच्यासोबतची रेखाटनं आणि टिपणं, आणि संमती देणाऱ्या सगळ्यांची नावं. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यातच आहे, तेव्हा पॅरिसच्या उत्तराची वाट पाहण्याआधी अर्जाची एक प्रत तिथे नेऊन देता येईल.